सक्ती कुणावर?

खंडेनवमीला पाटीवर एकाला एक आकडे जोडून सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बालवाडीत हे दरवर्षी होतं आणि मला ते मनापासून आवडतं. दसऱ्याला काही पालक तीन वर्षांचं लेकरू मांडीवर घेतात, ताटातल्या तांदळावर त्याचं बोट धरून 'श्री' गिरवतात. त्यामागची भावनाही छान. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्याच आठवड्यात वही येते. उभ्या रेघांचं पान, आडव्या रेघांचं पान, मग 'ग' दहा ओळी. पोर रडायला लागलं की आई म्हणते, "लिही, नाहीतर सरस्वती रागावेल." जिची पूजा केली तिचाच धाक घालून अक्षर काढून घ्यायचं, हे धर्माला धरून आहे का?

माझ्या मते नाही. विद्यारंभाला जुन्या धर्मशास्त्रानंही पाचवं वर्ष सांगितलं आहे. तिसऱ्या वर्षी मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच असतात. मूल खडू मुठीत धरतं आणि रेघ खांद्यातून ओढतं. त्याला शेंगा सोलू द्याव्यात, माती मळू द्यावी, रांगोळी चिमटीतून सोडू द्यावी. बोटांत जोर तिथून येतो. ही सगळी लेखनाचीच तयारी आहे, वेळ घालवणं नव्हे.

एक आजोबा मला म्हणाले, "बाई, शाहू महाराजांनीबी सक्तीच केली हुती की!" केली होती, आणि त्याचा मला अभिमान आहे. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर खुद्द राजाला वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करवून घेण्याचा, अधिकार नाकारला गेला. त्याच राजानं १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण दंड कुणाला होता? मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला, महिन्याला एक रुपया. सक्ती मोठ्यांवर होती, लेकरासाठी दार उघडावं म्हणून. आज आपण मोठे मोकळे राहतो आणि सगळी सक्ती तीन वर्षांच्या बोटांवर टाकतो.

आमच्याकडे एक पोरगा होता, त्याच्या घरच्या म्हशी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायच्या. वहीला हात लावत नसे. एके दिवशी फरशीवर खडूनं त्यानं मोठा गोळा काढला, त्याला चार काड्या आणि एक लांबलचक रेघ. "बाई, ही तारा. आमचं रेडकू. आन् हे दावं." मी गोळ्याखाली लिहिलं, 'तारा'. तो उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. "ह्यात तारा हाय?" मी वाचून दाखवलं. मग खडू घेऊन त्यानं शेजारी स्वतः काढलं. 'त' आडवा पडला होता, 'र' उलटा होता, काने मात्र दोन्ही ताठ उभे. त्या दिवशी मी त्याचा 'र' सुलटा केला नाही. लिहायचं कशासाठी हे त्याला कळलं होतं. वळण पुढं आपोआप लागलं.

अशा वेळी मला सच्चिदानंदबाबा आठवतात. नेवाशाला ज्ञानदेव बोलत गेले आणि बाबा लिहीत गेले. हे लेखकपण त्यांनी आदरानं पत्करलं, अशी नोंद ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आहे. बालवाडीतल्या बाईचं कामही तेच आहे असं मी मानते. मुलाला सांगायचं खूप असतं, हात तेवढा तयार नसतो. तोवर आपण त्याचा लेखकू व्हायचं. आपल्याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. तिथंही मुलाचं स्वतःचं म्हणणं आधी मानलं गेलं.

म्हणून आता दसऱ्याला मी पालकांना सांगते, ताट मांडा, तांदूळ पसरा, नमस्कार करा, पण बोट धरू नका. पोर जी रेघ ओढेल तिच्याबद्दल त्याला विचारा आणि ते जे सांगेल ते पाटीवर त्याच्यासमोर लिहा. "मग पहिलीत मागं पडंल की," हे ऐकावं लागतंच. मी त्यांना म्हणते, सहाव्या वर्षी या आणि त्याला वही द्या. तोवर रोज रात्री त्याचं एक वाक्य तुम्ही लिहून ठेवा. सक्ती करायचीच असेल तर ही स्वतःवर करा.