बिल्ला आणि बिस्किट

डॉक्टरांनी माझी बिस्किटं बंद केली त्याच रात्री मोबाइलनं मला विचारलं, ‘कुकीज स्वीकारता का?’ मधुमेही माणसाची अशी थट्टा सख्ख्या मेहुण्यानंही केली नसती.

डॉक्टर केजचे. साखर वाढल्याची बातमी मी नांदूरघाटपर्यंत येऊ दिली नव्हती. आमच्या गावात बातमी एसटीच्या आधी पोचते. शिवाय घरात कळलं की चहातली साखर जाते आणि नुसता चहा उरतो. म्हणून सगळे झोपल्यावर मी साखर मोजायच्या यंत्राच्या किमती पाहिल्या आणि मोबाइलनं जे जे विचारलं त्याला ‘सर्व मान्य’ म्हणून मोकळा झालो. न वाचता कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्यांना मी वीस वर्षं हसत आलो आहे!

मी पडलो वाणिज्य शाखेचा, त्यामुळे कुकी मला बँकेच्याच भाषेत कळली. पूर्वी चेक दिला की आम्ही पितळी बिल्ला द्यायचो. गर्दीत चेहरे लक्षात राहत नसत, पण बिल्ला दाखवला की हिशेब लागे. संकेतस्थळांचंही असंच. दर पानागणिक तुम्ही त्यांना नवखे. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी तोडगा काढला. संकेतस्थळानं एक चिठ्ठी द्यायची, ती आपल्या ब्राउझरनं जपायची आणि पुन्हा गेलं की दाखवायची. तिच्यामुळेच टोपलीत टाकलेला माल टोपलीत राहतो आणि दर पानाला परवलीचा शब्द द्यावा लागत नाही. यात वाईट काय? आमच्या स्टँडवरचा चहावालाही मला पाहताच न विचारता साखर जास्त टाकतो.

घोटाळा पुढे आहे. समजा, चहावाला, कापडवाला आणि औषधवाला, तिघांच्याही उंबऱ्यावर एकच तिऱ्हाईत वही घेऊन बसलाय. प्रत्येक ठिकाणी तो माझा तोच बिल्ला पाहतो आणि लिहून घेतो. दुकानदार आपला, पण वही परक्याची!

तिसऱ्या दिवशी सौ.नं भरल्या वांग्यांची कृती पाहायला तोच मोबाइल उघडला. वांग्यांच्या वर साखरेचं यंत्र, वांग्यांच्या खाली साखरेचं यंत्र.

“अहो, हे आपल्यालाच का दाखवतायत?”

“कंपन्यांचा आगाऊपणा, दुसरं काय!” मी म्हणालो. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा वाचायला तिला कुकी लागत नाही.

मला राग आला तो पकडलो गेल्याचा नव्हे. राष्ट्रीयीकृत बँकेत लागताना आम्ही गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. १९७० च्या कायद्यातच ते आहे. एकदा एक खातेदार बोटातली अंगठी गहाण ठेवताना म्हणाला, “साहेब, पुण्याला शिकणाऱ्या पोराला कळू देऊ नगा. फी हाय त्याची.” दिवाळीत तो पोरगाच काउंटरवर आला. “काका, वडलांची अंगठी दिसंना. बँकेत आली का?” मी पासबुक छापण्यात अतिशय गर्क झालो. मला माहीत होतं, पण सांगणं माझं नव्हतं.

हे सगळं मी सौ.ला तळमळीनं ऐकवलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय, हेही सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “त्या यंत्रानं चहाडी केली नसती तर तुम्ही मला सांगितलं असतं?”

नऊ न्यायमूर्तींनाही याचं उत्तर सुचलं नसतं.

तिचं खरं होतं. चहाडीनं माझा फायदाच झाला. पण आईही पोराच्या खिशात हात घालते आणि खिसेकापूही घालतो. कधी खिसेकापूच्या हाताला पोराची लपवलेली विडी लागते आणि पोराचं भलं होतं. म्हणून काही त्याला आई म्हणत नाहीत. सौ.नं विचारलं ते काळजीनं. वहीवाल्यानं लिहिलं ते विकण्यासाठी. शिवाय अंगठीवाल्यानं मला विश्वासानं सांगितलं होतं, मी मात्र पेंगत बटण दाबलं होतं. २०२३ च्या कायद्यात म्हटलंय, संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. आता मी ‘नामंजूर’चं बटण शोधतो. ते बारीक अक्षरांत, चष्मा लावल्यावर सापडतं.

घरात मात्र मी ‘सर्व मान्य’ करून टाकलंय. चहा बिनसाखरेचा येतो. सोबत बिस्किट येत नाही, स्वीकारता का म्हणून कुणी विचारतही नाही.