शेवटचा वेचा

हे वाचताना घाई नको. बसा, पाठ टेकवा, हात मोकळे सोडा. एक परिच्छेद संपला की पुढच्याकडे वळण्याआधी दोन-चार श्वास जाऊ द्या. आपण एका शेतात जाणार आहोत आणि तिथे फारसं काही घडणार नाही.

शेत नागपूरच्या आसपासचं आहे. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, मनाला येईल ते धरा. जानेवारी चालू आहे. काळी माती भेगाळली आहे. पऱ्हाटीसमोर, म्हणजे कापसाच्या झाडासमोर, उभे राहा आणि नजर वरून खाली हळूहळू आणा. शेंड्याला एखाददुसरं फूल आहे. त्याखाली हिरवी बोंडं. त्याखाली फुटलेला कापूस. अगदी खाली, मातीजवळ, केव्हाच वेचून रिकामी झालेली काळपट बोंडं. एकाच झाडावर चार वेगवेगळे महिने लटकले आहेत. ते चारही नीट पाहून घ्या.

गव्हाचं असं नसतं. ओंबी पिकते, झाड वाळतं, विळा कधी लावायचा ते गहूच सांगतो. कापसाचं झाड मुळात अनेक वर्षं जगणारं. माणसाने त्याला एका हंगामात बसवलं. जमिनीत ओल असली, वर ऊन असलं की ते पुन्हा पालवतं, पुन्हा कळ्या धरतं. त्याच्यापाशी शेवट नाही. तो माणसाने आणायचा असतो. कापसाचा हंगाम असा आटोपला की विदर्भात म्हणतात, उलंगवाडी झाली. हा शेवट आणणं इतकं जड का जातं, एवढ्यावरच मन ठेवू.

आता वेचणाऱ्या बाईच्या हातांकडे पाहा.

पहिल्या वेच्याच्या वेळी शेतात सीतादही झालं होतं. दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मग बायकांनी कमरेला ओटी बांधली आणि पात धरली. तेव्हाची बोंडं पुरती उमललेली होती. बोटं लावली की कापूस सुटून हातात यायचा. आता बोंड अर्धंच उघडतं. एक पाकळी पांढरी, शेजारची पिवळी पडून सालीला घट्ट चिकटलेली. ही कवडी. ती ओढून काढावी लागते आणि सालीची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचतात. दव असताना वेचलेला कापूस ओला राहतो, गाठोड्यात त्याचा रंग जातो. ऊन चढल्यावर वाळकी पानं चुरडून त्याच कापसाला चिकटतात. दव सुकणं आणि ऊन तापणं, यांच्या मधला वेळ खरा वेचणीचा. तो थोडाच असतो.

मजुरी किलोवर ठरलेली. हंगामाच्या भरात ओटी लवकर भरायची. आता तेवढंच वाकून, तेवढंच चालून ती अर्धीही भरत नाही. म्हणून बायका म्हणतात, किलोने नको, रोजाने द्या. त्यांचं म्हणणं रास्त आहे. आणि मालकाला त्याच क्षणी कळतं की या कापसाचे पैसे बहुतेक वेचणीतच जातील. दोघंही खरं बोलत आहेत. कोणाची बाजू घ्यायची घाई न करता, या दोन खऱ्यांपाशी थोडा वेळ उभे राहा.

श्वास सावकाश आत. सावकाश बाहेर.

आता एक हिरवं बोंड तोडून तळहातावर घ्या. बाहेरून ते धडधाकट दिसतं. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर इतकी बारीक असते की ती आत शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जातं. आत ती सरकी खात वाढते. शेतकऱ्याला कळतं ते बोंड फोडल्यावर. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. बोंडअळीचा प्रश्न सुटला असं वाटलं. गुलाबी अळी मात्र पिढ्यामागून पिढ्या त्या कापसातल्या विषाला सरावत गेली. २०१७ च्या हंगामात विदर्भात ठिकठिकाणी उभ्या शेतातली बोंडं आतून पोखरलेली निघाली. वरून हिरवीगार दिसणारी शेतं मोडण्याची वेळ आली.

बोंड हातातच राहू द्या. या अळीची एक सवय आजच्या मननाशी जोडलेली आहे. हंगामाच्या अखेरीस जन्मलेली अळी कोष करायची घाई करत नाही. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून ती मध्ये झोपी जाते आणि हिवाळा-उन्हाळा तशीच काढते. जानेवारी-फेब्रुवारीत उभी असलेली पऱ्हाटी तिला खाऊ देते, झोपायला जागा देते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांभाळते. पाणी देऊन पुढे रेटलेल्या अशा पिकाला फरदड म्हणतात. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ आणि कृषी खातं दरवर्षी सांगतात की फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर किंवा घरामागे रचून ठेवू नका. ऐकणारा मान डोलावतो. तरीही जानेवारीत शेतं उभी असतात.

ती का उभी असतात, याचं उत्तर दोष न देता शोधू या.

बियाणं, खत, फवारणी, निंदण, सगळ्यांचे पैसे जाऊन बसलेले असतात. कोरडवाहू शेतात पऱ्हाटी काढली तरी मागे हरभरा निघेलच, असं नसतं. पुढे भाव चढेल अशी आस असते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण तो पूर्ण मिळायचा प्रत राखलेल्या कापसाला, आणि ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तरच. मागास बोंडातला पिवळट, आखूड धाग्याचा कापूस त्या भावाला पोचत नाही. तो गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. हे शेतकऱ्याला माहीत नसतं का? असतं. पण शेंड्यावर हिरवं बोंड दिसत असताना झाड उपटणं म्हणजे हातात आलेलं नाकारणं वाटतं. ‘अजून एक वेचा निघते न भाऊ,’ असं तो म्हणतो. त्या वाक्यात लोभ थोडा असतो, उधारी जास्त असते. हे वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणून पाहा. ते आपल्याही तोंडचं आहे का, एवढंच तपासा.

आता नजर उचला आणि धुऱ्याकडे न्या. दोन शेतांच्या मधली ही गवताळ पट्टी माणसाला अडवते, गुरांना थोडंफार अडवते. पतंगाला ती दिसतही नाही. या शेतात झोपलेल्या अळीचा पतंग पुढच्या पावसाळ्यात पलीकडच्या शेतावर उतरेल. ज्याने वेळेवर पऱ्हाटी उपटली, त्याच्याही बोंडात अळी सापडेल. सातबारा वेगळा असतो, शिवार एकच असतं.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. गुलाबी अळीचा पोटापाण्याचा मुख्य आधार कापूसच. झोपेतून उठलेल्या पतंगाला आयुष्य थोडे दिवसांचं मिळतं. त्या दिवसांत शिवारात कळी-फूल नसेल, तर त्याची पिढी वाढत नाही. चार-पाच महिने कापसाविना गेलेली जमीन फवारणीचा एक थेंब न वापरता हे काम करते. रिकामं शेत डोळ्यांना आळशी वाटतं. कल्पनेत ते पाहा: नांगरून पडलेली ढेकळं, वर ऊन, बाकी काही नाही. इथे काम चालू आहे, असं स्वतःला सांगा. मन पटकन मानणार नाही. त्याला वेळ द्या.

मग उरतो सगळ्यात अवघड प्रश्न. थांबणाऱ्याचं नुकसान आजचं असतं, मोजता येणारं असतं, त्याच्या एकट्याचं असतं. फायदा पुढच्या वर्षीचा आणि तो शिवारभर वाटला जाणार. शेजाऱ्याने फरदड ठेवली तर तोही हातचा जाणार. ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होतो, त्याने ‘वेळेवर थांबा’ हा सल्ला देताना हे आठवायला हवं. शेवटचा वेचा सोडायला मनाचा मोठेपणा लागतो हे खरं, पण मोठेपणावर उधारी फिटत नाही.

म्हणून या मननातून एकच गोष्ट घेऊन उठायची. थांबायचा दिवस जानेवारीत ठरवू नये. जानेवारीत गरज बोलते आणि समोर हिरवं बोंड असतं. तो दिवस जूनमध्ये, पेरणीच्या आधी, ओटी आणि गाठोडं दोन्ही कोरी असताना ठरवावा: वाण कमी मुदतीचा घ्यायचा की लांब मुदतीचा, पऱ्हाटी कोणत्या आठवड्यात काढायची, मागे काय पेरता येईल. आणि तो एकट्याने ठरवू नये. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी पारावर बसून, एकमेकांच्या देण्याघेण्याची चौकशी करून तो ठरवावा. शेजाऱ्याला पऱ्हाटी काढ म्हणण्याआधी त्याच्यावर उधारी किती आहे, हे विचारायचं धैर्य आपल्याला झालं, तर उलंगवाडी साऱ्या शिवारात एकाच आठवड्यात होऊ शकते.