खेळलेल्या सामन्यांचे पैसे

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ बहुतेक वेळा तालमीचा असतो, आणि तालमीचा असला की तो पेठेचा असतो. संस्थानकाळात कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या या तालमींत मारुतीसमोर लाल मातीचा हौद होता. त्याच तालमींतली पोरं पुढं चेंडूच्या मागं लागली. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या माणसाला नातेवाइकांसारखी पाठ असतात. पाऊस सरला की कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते, मग शाहू स्टेडियमवर लीग सुरू होते. उन्हं तापेपर्यंत शहरात दुसरा विषय नसतो.

यातले बहुतेक खेळाडू नोकरी-धंदा सांभाळून खेळतात. कुणी उद्यमनगरात लेथवर, कुणी रिक्षावर, कुणी कॉलेजात. मानधन मिळतं, पण त्यावर घर चालत नाही. पैसा येतो तो वर्गणीतून आणि एखाद्या दात्याच्या खिशातून, आणि बरेचसे व्यवहार तोंडी होतात. एक गोष्ट सांगायची आहे ती याच तोंडी व्यवहाराची. तालमीचं नाव सांगत नाही. कोल्हापूरकर ओळखायचा प्रयत्न करतील, पण अशी तालीम कुठल्याही पेठेत निघेल.

२०१६ सालची नोंदणी जवळ आली होती. आदला हंगाम कसाबसा निभावला होता, म्हणून पेठेतल्या एका बांधकामवाल्यानं यंदा खर्च उचलतो म्हणून सांगितलं. सगळे त्याला दादा म्हणत. दादांना निवडणुकीचं तिकीट हवं होतं हे कुणापासून लपलेलं नव्हतं, पण त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. मारुतीसमोर नारळ फुटला, दादा म्हणाले, "खेळाडू तुम्ही बघा, पैशाचं माझ्यावर सोडा."

चिटणीस होते आबा. चाळीस वर्षं लेथवर उभं राहून निवृत्त झालेला माणूस. तालमीची वही त्यांच्याकडे. त्यांनी बाहेरचे तीन खेळाडू आणले. दोन स्ट्रायकर पुण्याचे, व्यवहाराला पक्के: दर सामन्याचे पैसे, तेही सामन्याच्या आदल्या रात्री. तिसरा गोलकीपर, गोव्याचा.

त्या वर्षी गोव्याच्या फुटबॉलवर वाईट वेळ आली होती. धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले होते. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला धेंपोसारखा संघ राष्ट्रीय लीगमध्ये नाही, ही गोष्ट पचायला जड होती, आणि त्याची झळ राखीव खेळाडूंपर्यंत सगळ्यांना बसली. हा गोलकीपर त्यांतलाच. पस्तिशीला आलेला, गुडघ्याला पट्टी, बोलणं कमी. पेठेनं त्याला गोवेकर म्हणायला सुरुवात केली ती कायमची. हंगामाचे ७०,००० ठरले. तीस नोंदणीच्या दिवशी रोख, चाळीस जानेवारीअखेर. कागद झाला नाही. आबांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "माझा शब्द आहे." गोवेकरानं मान हलवली.

सुरुवात झकास झाली. पहिल्या तीन सामन्यांत दोन विजय आणि एक बरोबरी. हलग्या, गुलाल, पेठेत रात्री बारापर्यंत गाड्यांचे हॉर्न. दादांचे फोटो चौकात लागले.

मला मात्र त्या दिवसांतलं दुसरंच सांगावंसं वाटतं. संघाचा राखीव गोलकीपर अठरा वर्षांचा होता, घरचा दुधाचा धंदा. पहाटे गंगावेशीत म्हशींमागं उभं राहून तो गांधी मैदानावर यायचा. गोवेकरानं त्याला एके सकाळी दोरी आणायला सांगितली, म्हशीची दावण चालेल म्हणाला. दोरीची दोन टोकं दोन खांबांना बांधली आणि मधला भाग ताणून चेंडूपाशी नेऊन खुंटीला अडकवला. मग पोराला गोलरेषेवर उभं केलं. "बघ, दोन्ही बाजूला किती जागा आहे." पोरगं चार पावलं पुढं आलं तशा दोऱ्या त्याच्या जवळ आल्या. आणखी दोन पावलं, आणि दोन्ही दोऱ्या हाताच्या टप्प्यात. "आता चेंडू जाईल कुठून? तुझ्या अंगावरूनच जायला पाहिजे." चेंडूची जागा बदलायची, खुंटी हलवायची, पुन्हा उभं राहायचं. असं रोज. आपली जागा घेणाऱ्या पोराला इतक्या मनापासून शिकवणारा माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

जानेवारीत दादांचं तिकीट दुसऱ्याला गेलं. दादांचा फोन लागेना. चौकातले फोटो उतरले. पुण्याच्या दोघांना खेळलेल्या सगळ्या सामन्यांचे पैसे मिळालेले होते. पुढचे मिळणार नाहीत हे दिसताच ते यायचे थांबले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गोवेकराचे चाळीस हजार राहिले. तो आबांना एकदाच म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत द्या," आणि खेळत राहिला.

फेब्रुवारीतल्या एका सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत तो समोरच्या फॉरवर्डच्या पायात झेपावला. चेंडू अडला, सामना बरोबरीत सुटला, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. सीपीआर रुग्णालयात प्लास्टर घातलं. दोन दिवसांनी तो एसटीनं गावी गेला. जाताना पैशाचा विषय त्यानं काढला नाही. आबांनीही काढला नाही, कारण खिशात काही नव्हतं.

त्यानंतर संघाची घसरण लागली ती लागलीच. शेवटचा सामना उरला तेव्हा हिशेब सरळ होता: जिंकलं तर वरिष्ठ गटात, नाही तर खाली. पेठ जागी झाली. दोन रात्री पोरं घरोघर फिरली. दुकानदारांनी दिले, भाजीवाल्या मावशींनी दिले, तालमीच्या जुन्या पैलवानांनी पेन्शनीतून दिले. ४१,००० जमले.

त्याच रात्री पुण्याहून निरोप आला. नोंदणी याच तालमीची असल्यामुळं दोघे स्ट्रायकर दुसरीकडे खेळू शकत नव्हते, घरीच बसून होते. दोघांचे मिळून चाळीस हजार आधी पाठवा, शेवटच्या सामन्याला उतरतो.

तालमीत बैठक बसली. मारुतीसमोर सतरंजी, मधे नोटांची पिशवी.

आबा म्हणाले, "हे गोवेकराचे आहेत."

गलका झाला. कॅप्टननं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला, संघात बारा वर्षं, त्याच्या बोलण्याला वजन होतं. "आबा, त्याचे पैसे द्यायचे नाहीत असं कोण म्हणतंय? सामना झाला की देऊ की. पुन्हा वर्गणी काढू. पण खाली गेलो तर वर यायला किती वर्षं लागतील सांगा. ब गटाच्या मॅचला कोण येतंय बघायला? बारकी पोरं दुसऱ्या पेठेत जातील."

हे खोटं नव्हतं. बैठकीतल्या बहुतेकांचं मत तेच होतं.

आबांनी वही उघडून पान त्याच्यापुढं धरलं. "जानेवारीअखेर लिहिलंय. आता मार्च हाय. हरलो तर तू पुन्हा वर्गणी काढशील, आणि पेठ देईल? हरलेल्या संघाला? त्याची बोटं आपल्या गोलासमोर मोडली लेका."

कॅप्टन बराच वेळ पानाकडं बघत होता. मग म्हणाला, "ऑक्टोबरात मीच फिरतो पोरं गोळा करायला. भावा, आमच्याकडं ये म्हणतो. गोवेकराचं काय झालं म्हणून कुणी विचारलं तर मी काय सांगू?" आणि त्यानं स्वतःच पिशवी उचलून आबांच्या मांडीवर ठेवली. दोघे-तिघे उठून निघून गेले. जाताना एकानं दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी आबा आजरा-आंबोलीच्या रस्त्यानं गोव्याला गेले. मडगावच्या पलीकडं गोवेकराचं घर. प्लास्टर निघालं होतं, बोटं अजून पुरती वळत नव्हती. त्यानं नोटा डाव्या हातानं मोजल्या, बरोबर आहेत म्हणाला, आणि आबांच्या वहीत तारखेसह सही केली. चहा झाला. मग त्यानं विचारलं, सामना कुणाशी आहे? आबांनी सांगितलं. तो लगेच म्हणाला, "त्यांचा दहा नंबर पेनल्टी मारताना उजवीकडे बघतो आणि डावीकडे मारतो. पोराला सांगा, डोळे बघू नको, टेकवलेला पाय बघ." निघताना म्हणाला, "देव बरें करूं."

शेवटच्या सामन्याला गॅलरी भरली होती. पूर्वार्धातच विरोधी संघाला पेनल्टी मिळाली. दहा नंबरनं उजवीकडे पाहिलं, पोरानं पाय पाहिला आणि चेंडू डाव्या बाजूला जाऊन अडवला. अख्खी पेठ उभी राहिली. पण गोल अडवल्यानं सामना जिंकता येत नाही, गोल करावा लागतो, आणि गोल करणारे दोघे पुण्यात बसले होते. कॅप्टननं शेवटची वीस मिनिटं स्वतः पुढं जाऊन खेळून पाहिलं. एक हेडर बारवर आदळला. ०–० वर शिट्टी झाली. एका गुणानं तालीम खाली गेली.

पेठेनं आबांना माफ केलं नाही. कट्ट्यावर त्यांच्या तोंडावर लोक बोलले. चाळीस हजारात वरिष्ठ गट विकला, असं एक जण म्हणाला. आबा ऐकून घ्यायचे. कॅप्टनशी त्याचा सख्खा मेव्हणा महिनाभर बोलत नव्हता.

पुढची नोंदणी आली ती २०१७ च्या ऑक्टोबराच्या सुमारास. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात चालू होता आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता, त्यामुळं घरोघरी बारक्यांना बूट हवे होते. आमच्या तालमीतले चांगले चार खेळाडू मात्र दुसरीकडे गेले. दुधवाल्या पोरालाही बोलावणं आलं, मोठ्या तालमीचं. ते गेलं नाही. त्याच्या बापानं निरोप्याला सांगितलं, "पैसे किती देणार हे तुम्ही सांगितलंसा. कधी देणार ते आबा सांगतात."

आणि दिवाळीच्या आधी आबांना गोव्याहून फोन आला. गोवेकराची बोटं पूर्वीसारखी झाली नव्हती, तो आता गावातल्या पोरांना शिकवत होता. त्याच्याकडची दोन पोरं कोल्हापुरात खेळायला तयार होती. आबांनी खरं ते सांगितलं: ब गट, पैसा थोडा, राहायची सोय तालमीच्या माडीवर. गोवेकर म्हणाला, "त्यांना मी तुमची वही सांगितली आहे."

दोन्ही पोरं आली. त्यांनी अॅडव्हान्स मागितला नाही. आबांनी तो मागितल्याशिवाय दिला, पाच-पाच हजार, आणि वहीवर सह्या घेतल्या. पहिल्या वर्षी काही जमलं नाही. दुसऱ्या वर्षी तालीम वरिष्ठ गटात परत आली, दुधवाल्या पोराच्या हातांवर आणि गोव्याच्या एका पोराच्या डाव्या पायावर.

त्या पावसाळ्यात पुन्हा एक दाते तालमीत आले. हौस मोठी, आकडा मोठा, पाच खेळाडू बाहेरचे आणू म्हणाले. कॅप्टन आता चिटणीस झाला होता. त्यानं चहा मागवला, तालमीच्या बँक खात्याचा नंबर कागदावर लिहून दिला आणि म्हणाला, "साहेब, हंगामाचे सगळे पैसे इथं जमा झाले की नावं ठरवू." दाते हसले, विचार करतो म्हणाले. आठवड्यानं खात्यात एका खेळाडूपुरते पैसे आले. त्या वर्षी तालमीनं बाहेरचा एकच खेळाडू घेतला.