जखमी जहाजांचं काय करायचं?

स्टार ट्रेकच्या पत्त्यांचा डेक लावायला बसलो की माझं घोडं नेहमी जहाजांपाशी पेंड खातं. माणसं पटापट निवडून होतात, मोहिमा तर आधीच ठरलेल्या असतात. जहाजांचं मात्र रात्री दीड वाजेपर्यंत चालतं.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हर्जिनियातल्या डेसिफर कंपनीने तो 1994मध्ये काढला आणि 2002मध्ये नियम नव्याने लिहून दुसरी आवृत्ती आणली. 2007मध्ये कंपनीने हा खेळ काढणं थांबवलं. तेव्हापासून 'कंटिन्युइंग कमिटी' नावाची खेळाडूंचीच संघटना नवे पत्ते बनवते आणि फुकट छापून घ्यायला ठेवते. आमच्याकडचे बहुतेक पत्ते असेच, लेझर प्रिंटरवर छापून स्लीव्हमध्ये सरकवलेले. मोहिमा पुऱ्या करायच्या आणि 100 गुण गाठायचे, एवढाच खेळ. पण मोहिमेवर जायला जहाज लागतं. जहाजावर तीन आकडे असतात: पल्ला, शस्त्रं आणि ढाली. एका मोहिमेवरून दुसरीकडे जायचं तर दोन्हींचं अंतर बेरीज करून पल्ल्यातून वजा होतं, आणि आकाशगंगेचा चतकोर बदलला की वर आणखी दोन. दर पाळीला खर्चायला सात काउंटर मिळतात. मोठं जहाज त्यातले बरेचसे खाऊन टाकतं.

आता प्रश्न येतो किती जहाजं घ्यायची हा. 40 पत्त्यांच्या डेकमध्ये तीन घातली तर पहिल्या सात पत्त्यांत एक तरी येण्याची शक्यता 45 टक्के, पाच घातली तर 64. कमी घातली तर अख्खा चमू मुख्यालयात रिक्षाची वाट बघत बसल्यासारखा बसतो. जास्त घातली तर हातात जहाजंच जहाजं, आणि चालवायला कुणी नाही. हे गणित मला मनापासून आवडतं. स्प्रेडशीट उघडून एक जहाज कमी-जास्त करत बसण्यात जी शांतता आहे ती मला इतर कशात फारशी मिळालेली नाही.

माझा मित्र मात्र आधी एंटरप्राइज घालतो आणि मग उरलेलं बघतो. महाग असो, उशिरा येवो. "अरे, तिच्याशिवाय खेळायचं तर मग रमीच खेळू ना," असं त्याचं म्हणणं.

आमचं पहिलं खरं भांडण जहाजावरून नाही, माणसांवरून झालं. तेव्हा आम्ही पहिली आवृत्ती खेळायचो. तिच्यात मोहिमेखाली प्रतिस्पर्ध्याने संकटाचे पत्ते पालथे घालून ठेवलेले असतात. मग एक कामचलाऊ माणूस एकटाच पुढे पाठवायचा. मेला तर मेला, खाली काय आहे ते तर कळलं! खेळाडूंमध्ये या युक्तीला 'रेडशर्ट' म्हणतात, मूळ मालिकेत लाल गणवेशातले पहारेकरी पटापट मरायचे त्यावरून. मी एका डावात असे चार पाठवले आणि जिंकलो. मित्र म्हणाला, "पिकार्डच्या जहाजावरून तू हे करतोयस. तो असं करेल का कधी?" मी म्हणालो, "तो पत्ता आहे रे." तो म्हणाला, "मग पत्त्यावर फोटो कशाला लागतो तुला?"

दुसऱ्या आवृत्तीत ही युक्ती निकामी झाली. जितकी माणसं मोहिमेवर जातील तितकेच संकटाचे पत्ते समोरचा काढतो, त्यामुळे एकट्याला पाठवून पुढचं काही कळत नाही. कुणाला उपदेश केला नाही, कुणावर बंदी घातली नाही, फक्त एक नियम फिरवला आणि एक प्रकारचं वागणं खेळातून नाहीसं झालं. मला वाटतं, नीतिशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण असायला हवं. पण त्याने मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. नियम बदलायच्या आधी मी जे करत होतो, ते काय होतं?

या प्रश्नाचा एक थोरला भाऊ आहे. 1981मध्ये कॅलिफोर्नियात 'ट्रॅव्हलर' या अंतराळखेळाची स्पर्धा झाली. पत्त्यांचा खेळ नव्हे, पण काम तेच: एक ट्रिलियन क्रेडिटचं काल्पनिक बजेट, त्यात आपलं आरमार बांधायचं. डग्लस लेनाट या संगणकशास्त्रज्ञाने स्वतः ते आरमार जुळवलं नाही. त्याने यूरिस्को नावाचा आपला प्रोग्राम रात्र रात्र त्यावर चालवला. सकाळी येऊन निकाल बघायचा, निरर्थक ते उडवायचं, पुन्हा चालवायचं. बाकीच्यांची आरमारं आरमारासारखी दिसत होती. यूरिस्कोने काढली ती ढीगभर लहान जहाजं, जवळपास जागची न हलणारी, पण शस्त्रांनी आणि चिलखताने लगडलेली. लोक हसले आणि हरले. पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलले, आरमाराच्या चपळाईला महत्त्व आलं. यूरिस्कोने उपाय काढला: जखमी जहाजामुळे आरमाराचा वेग घटत असेल तर ते आपणच उडवून द्यायचं. लेनाट पुन्हा जिंकला. आणखी एकदा जिंकलास तर स्पर्धाच बंद करू, असं आयोजकांनी सांगितल्यावर तो बाजूला झाला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा टाळ्या वाजवायचाच बाकी होतो. आजही मला लेनाटचं काही चुकलं असं वाटत नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978च्या 'द ग्रासहॉपर'मध्ये खेळाची व्याख्या केली आहे. तिचा गाभा असा की, गरज नसलेले अडथळे आपण आपखुशीने स्वीकारतो आणि ते ओलांडायची धडपड करतो. अडथळा म्हणजे नियम. जखमी जहाज वाचवा असा नियम नव्हता. मग ते वाचवायचं कशासाठी? आणि खऱ्या युद्धातही आपली जहाजं आपणच बुडवतात. 1942च्या मे महिन्यात कोरल समुद्राच्या लढाईत लेक्सिंग्टन ही विमानवाहू नौका वाचण्यापलीकडे गेली, तेव्हा अमेरिकेच्याच विनाशिकेने पाणतीर मारून तिला तळाशी धाडलं.

फक्त त्याआधी माणसं उतरवून घेतली होती.

यूरिस्कोच्या जहाजांवरून कुणी उतरवायचा प्रश्नच नव्हता, कारण तिथे कुणी होतं की नाही याला गुण नव्हते. गुण नसलेली गोष्ट वाईट ठरत नाही, स्वस्तही ठरत नाही. ती दिसेनाशी होते. प्रोग्रामला क्रूर म्हणण्यात अर्थ नाही. क्रूर व्हायला आधी समोर कुणीतरी आहे हे दिसावं लागतं.

मित्राची बाजूही मला पूर्ण पटत नाही. तो हरला की म्हणतो, "मी गोष्टीसाठी खेळतो." ही फार सोयीची जागा आहे. जिंकला तर एंटरप्राइज जिंकली, हरला तर तो मुळी जिंकायला खेळतच नव्हता. मग मी समोर बसून तीन तास कुणाशी झुंजत होतो? प्रतिस्पर्ध्याला आपला पूर्ण जोर देणं हीही एक नीती आहे, आणि लाडक्या जहाजाच्या नावाखाली ती चुकवता येते. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

सी. थी नुएन या तत्त्वज्ञाचं 2020मधलं 'गेम्स: एजन्सी ॲज आर्ट' वाचलं तेव्हा माझं काय चाललंय ते थोडं कळलं. त्याचं म्हणणं असं की, खेळात काय मिळवायचं ते लख्ख ठरलेलं असतं, आणि या लख्खपणातच सुख आहे. रोजच्या जगण्यात दहा गोष्टी एकमेकींना ओढत असतात, डावात फक्त 100 गुण. धोका कुठे, तर हा लख्खपणा आपण खिशात घालून बाहेर नेतो तेव्हा.

मी तो नेलेला आहे. आजारी सर्व्हर बंद करून नवा उभा करणं हे माझं रोजचं काम, आणि त्यात काही वाईट नाही, सर्व्हरला घरी कुणी नसतं. दोन वर्षांपूर्वी, आधीच्या नोकरीत, मला तीसेक माणसांची एक शीट करायला सांगितली. बेंचवर किती दिवस, खर्च किती, स्किल कोणतं, मागच्या दोन तिमाहींचं रेटिंग काय. यातून एक आकडा काढायचा आणि त्यानुसार नावं खालीवर लावायची. मी ती चाळीस मिनिटांत केली. सूत्र सुबक झालं होतं, आणि मला नेमकं तेच वाटत होतं जे डेक लावताना वाटतं. ती शांतता.

खालून चौथं नाव ज्याने मला लिनक्स शिकवलं त्याचं होतं. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं आणि म्हणून त्याच्या त्या दोन तिमाही पडल्या होत्या, हे मला माहीत होतं. मूळ फाइलमध्ये शेराचा एक कॉलम होता. तो मीच काढून टाकला होता, सॉर्ट करताना त्रास देतो म्हणून.

मी ती शीट केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. ते खरं आहे. पण शेराचा कॉलम दुसऱ्याने ठेवला असता की नाही, हे त्या खऱ्यात बसत नाही. खेळामुळे माझं मन निबर झालं असंही मला म्हणायचं नाही. उलट क्रमाने झालं असावं: काम करता करता आकड्यांबाहेरचं न बघण्याची सवय लागली, आणि मग मला तो रेडशर्टचा डाव इतका स्वाभाविक वाटला की मित्राचा प्रश्नच बालिश वाटला. पत्त्यावर फोटो कशाला लागतो तुला? खरं तर चांगला प्रश्न होता. फोटो लागतो, कारण त्याशिवाय मी दीड वाजेपर्यंत जागलोच नसतो. नुसत्या तीन आकड्यांसाठी कुणी जागत नाही. म्हणजे ज्या गोष्टीमुळे मी टेबलाशी येतो, तीच मी पहिल्या चालीपासून हिशेबाबाहेर ठेवत होतो.

त्या माणसाला दुसरीकडे नोकरी लागली, पगार कमी. मागच्या दिवाळीला त्याचा मेसेज आला होता, मुलीच्या फोटोसकट. मी कंदिलाचं चित्र पाठवलं. शीटबद्दल त्याला माहीत आहे की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

रविवारी पुन्हा डाव आहे. डेकमध्ये सध्या पाच जहाजं झालीत. माझं गणित चारवरच थांबा म्हणतंय, आणि पाचवं कुठलं ते मित्राला अजून सांगितलेलं नाही.