पूर्वपक्षाचा मान

हिंदू अध्यात्मविचारात प्रश्नाला स्थान होते, एवढे म्हटल्याने फारसे काही सांगितले जात नाही. विचारलेल्या प्रश्नाचे पुढे काय होत असे, हे पाहिले म्हणजेच त्या स्थानाचे मोल कळते. बृहदारण्यक उपनिषदातील जनकाच्या सभेत गार्गी वाचक्नवी याज्ञवल्क्याला विचारते की, हे सर्व जर पाण्यात ओतप्रोत विणलेले असेल तर पाणी कशात विणलेले आहे. उत्तरामागून उत्तर ओलांडत ती ब्रह्मलोकापर्यंत पोहोचते, तेव्हा याज्ञवल्क्य मस्तक गळून पडेल असे बजावून तिला थांबवतो. ती थांबते खरी, पण त्याच सभेत पुन्हा उठून दोन बाणांसारखे दोन प्रश्न घेऊन उभी राहते, आणि अक्षराचे, म्हणजे कधीही क्षय न पावणाऱ्या तत्त्वाचे, विवेचन या दुसऱ्या फेरीतूनच निघते.

याच उपनिषदात आत्म्याविषयी श्रवण, मनन आणि निदिध्यासन सांगितले आहे. यांतील मनन म्हणजे ऐकलेल्या अर्थावर उठणाऱ्या शंका युक्तीने निवारणे, असा खुलासा पुढे वेदान्त्यांनी केला, आणि त्यामुळे शंका ही श्रद्धेतील उणीव न राहता साधनेची एक पायरी ठरली.

या वृत्तीला नियमांची चौकट दिली ती गौतमाच्या न्यायसूत्रांनी. सत्यनिर्णयासाठी चालणारी चर्चा तो ‘वाद’, केवळ जिंकण्यासाठी चालणारी ती ‘जल्प’, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करणारी ती ‘वितंडा’, असे तीन प्रकार तेथे वेगळे केले आहेत. शिष्य, गुरू आणि सहाध्यायी यांच्याशी करायचा तो वाद, तर जल्प आणि वितंडा यांचे काम कोवळ्या अंकुराभोवती घातलेल्या काटेरी कुंपणासारखे, राखणीपुरते. या शास्त्रात निग्रहस्थाने, म्हणजे चर्चेत हार मानावी लागते असे प्रसंग, 22 सांगितले असून त्यांतील ‘अननुभाषण’ विशेष लक्षात घेण्याजोगे आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे तीनदा सांगून झाले, सभेला ते समजले, तरीही ज्याला ते स्वतःच्या तोंडून पुन्हा मांडता येत नाही, तो हरला. येथे उत्तर चुकल्याचा प्रश्नच येत नाही, कारण उत्तराची पाळी येण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. समोरच्याचे म्हणणे नीट ऐकणे हा सौजन्याचा भाग न मानता विचाराची किमान अट मानणारा हा नियम या परंपरेची सर्वांत मोलाची देणगी मानावी लागेल.

भाष्यग्रंथांत हाच नियम लेखनाचा सांगाडा झाला. आधी विरोधकाचे मत, म्हणजे पूर्वपक्ष, त्याच्या सर्व बळानिशी उभे करायचे आणि मगच सिद्धान्त सांगायचा, ही त्यांची रीत होती. लोकायतांचे, म्हणजे चार्वाकमताच्या अनुयायांचे, मूळ सूत्रग्रंथ आज हाती नाहीत, तरीही वेद आणि परलोक नाकारणारे त्यांचे म्हणणे कळते ते मुख्यतः त्यांचे खंडन करणाऱ्यांमुळे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त तर पहिले प्रकरणच चार्वाकाचे आहे.

या सभेचे दार मात्र अरुंद होते. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी शूद्रांना वेदाध्ययनपूर्वक ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला आणि इतिहास-पुराणे ऐकण्याची वाट तेवढी मोकळी ठेवली. पूर्वपक्षाला एवढा मान देणाऱ्या शास्त्राने पूर्वपक्ष मांडू शकणाऱ्या असंख्य माणसांना बाहेर ठेवावे, ही त्याच्या स्वतःच्याच तत्त्वाशी झालेली प्रतारणा होय. मौखिक परंपरेतील किती शंका यामुळे ग्रंथांपर्यंत पोहोचल्याच नसतील, याची मोजदाद आता शक्य नाही.

हे शल्य ज्ञानेश्वरांना जाणवले होते. 1290 मधील ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायात त्यांनी तीनच वर्णांच्या कानी लागणाऱ्या वेदाला कृपण म्हटले आहे, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी वेदच गीतेच्या रूपाने सर्वांसाठी प्रकटला, असे सांगितले आहे. त्यांच्या ‘अमृतानुभवा’तील सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे असून, जगाच्या भासाचे कारण म्हणून वेदान्ती ज्या अज्ञानाकडे बोट दाखवत, ते राहते कुठे, ज्ञानात की ज्ञानाबाहेर, असे विचारत ओवीमागून ओवी त्याचा आधार काढून घेत जाते. आपल्याच घरातील मान्य मताला पूर्वपक्ष करण्याचे हे धैर्य तेथे मराठीतून प्रकट झाले, पंडितसभेचा उंबरठा न ओलांडताही ऐकता येईल अशा भाषेतून.