धार कुणाची, मूठ कुणाची

तत्त्वज्ञानात वस्तरा एकच गाजला, तो ऑकमचा. विल्यम ऑफ ऑकम हा चौदाव्या शतकातला इंग्रज ख्रिस्ती साधू. गरज नसताना गोष्टी वाढवू नयेत, जास्तीचे असेल ते छाटून टाकावे, अशी शिकवण त्याच्या नावावर चालते आणि तिलाच विद्वान लोक वस्तरा म्हणतात. या साधूला जुने वस्तरे दुरुस्त करण्याचा छंद नव्हता अशी माझी खात्री आहे. असता तर ‘जास्तीचे म्हणजे नेमके काय?’ एवढ्या एका प्रश्नापायी त्याची स्वतःची दाढी छातीवर आली असती.

हा छंद माझ्या एका मित्राला आहे. बँकेतून निवृत्त झालेली माणसे सकाळी बागेत जातात आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. हे गृहस्थ मुंबईच्या चोर बाजारात जाऊन गंजलेले वस्तरे घेऊन येतात. वस्तरे म्हणजे ते जुने, घडीचे, एकेकाळी न्हाव्याच्या धोकटीत असायचे ते. हल्ली सलूनमध्ये दिसतो त्यात अर्धे ब्लेड अडकवलेले असते. एड्सची धास्ती पसरल्यावर तोच रूढ झाला. घराघरांतल्या वस्तऱ्याला तर त्याच्याही कितीतरी आधी जिलेटसाहेबांनी घालवले होते. १९०३ साली त्यांचा नवा रेझर बाजारात आला तेव्हा पहिल्या वर्षी जेमतेम ५१ नग खपले म्हणतात. पण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला असे पस्तीसेक लाख रेझर मिळाले आणि पुरुषजात रोज सकाळी स्वतःच्या गळ्याशी उघडे पोलाद धरण्याच्या साधनेतून मोकळी झाली.

राहिलेले वस्तरे ट्रंकांच्या तळाशी गेले. त्यांच्यावर गावाचे नाव कोरलेले असते, इंग्लंडातले शेफील्ड नाहीतर जर्मनीतले झोलिंगन. मित्र ते नाव भिंगातून अशा भक्तिभावाने वाचतो, की वहिनी म्हणतात, “माझी पत्रिकासुद्धा यांनी एवढी निरखली नव्हती.”

काम मात्र सगळे हातचे. मोटार लावून घासायला गेले तर पाते तापते, आणि पाते निळसर दिसले की समजावे, पोलादाचा कस गेला. मग त्यावर कितीही मेहनत करा, धार टिकायची नाही. म्हणून पॉलिशपेपर, पाणी आणि बोटे. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. पुढे दगड. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. त्यामुळे धारेचा कोन हाताने सांभाळावा लागत नाही, तो पाठच सांभाळते. (संसारातही हे काम बहुधा कुणाची तरी पाठच करत असते. पण ते असो.) एक हजार नंबरच्या दगडापासून आठ-बारा हजारांच्या दगडापर्यंत चढत जायचे आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, पन्नास-साठ हात. मग डोक्यावरचा एक केस उपटून तो धारेवर हवेत तोडून बघायचा. मित्राच्या डोक्याकडे पाहिले की छंद किती वर्षांचा आहे याचा अंदाज येतो.

इथपर्यंत सगळे कारागिरीचे झाले. पंचाईत पुढे आहे. गंज काढायचा म्हणजे पोलादही काढायचे. नुसता गंज कधीच निघत नाही. गंजाचे खड्डे खोल असतील तर ते जाईपर्यंत घासावे लागते, आणि त्यात पात्यावरची जुनी नक्षी, सोनेरी अक्षरे, सगळे धुऊन जाते. उरते ते आरशासारखे लखलखीत पाते, ज्यात फक्त आपलाच चेहरा दिसतो. असे चकचकीत वस्तरे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातल्या निम्म्यांनी काकडीही सोलली जाणार नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा!

मुठीची गोष्ट आणखी अवघड. शिंगाची मूठ किडे खातात. सेल्युलॉइडची मूठ दिसायला हस्तिदंतासारखी, पण ती कुजायला लागली की तिच्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिठीत घेतलेल्या पात्यालाच गंजवते. तिथे मूठ बदलणे ही हौस नाही, कर्तव्यच आहे. खरा हस्तिदंत मिळत नाही, १९८९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीच आली, आणि ते बरेच झाले. माझ्या दाढीसाठी हत्तीने मरावे एवढी ती थोर नाही. मित्र शिसवीच्या पातळ फळ्या कापतो, त्यांना पितळी खिळे ठोकतो. हातोडीचा एक ठोका जास्त पडला तर पाते मिटताना तिरके येऊन मुठीवर आपटते आणि आठवडाभराची धार एका क्षणात जाते.

आता सांगा, पाते घासून बदलले, मूठ नवी, खिळे नवे. वस्तरा तोच का? राजा मिलिंदाला नागसेन भिक्षूने हेच विचारले होते. रथ म्हणजे आस का, चाके का, दांडी का? यातले एकही नाही; रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेले नाव. ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाच्या एकेक फळ्या बदलत हाच वाद घातला, आणि १६५५ साली हॉब्जने त्यात खोडी काढली : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवून त्यांचेच दुसरे जहाज बांधले तर खरे कुठले? मित्राच्या घरी बिस्किटांच्या डब्यात काढून ठेवलेल्या मोडक्या मुठी आहेत. हॉब्ज वाचल्यापासून मला त्या डब्याची जरा भीतीच वाटते.

माझे मत विचाराल तर धार हा वस्तऱ्याचा हक्क आहे आणि चकाकी ही आपली हौस. हे मत मी बरीच वर्षे मोठ्या रुबाबात सांगत असे. मग एक बाई मित्राकडे वडिलांचा वस्तरा घेऊन आल्या. “मुलाला द्यायचाय. अगदी नव्यासारखा करून द्या.”

मूठ किड्यांनी खाल्लेली. तिचा प्रश्न नव्हता. पण पाते भिंगाखाली धरल्यावर मित्र गप्प झाला. पाठ एका बाजूने जास्त झिजली होती. दगडावर घासताना ते गृहस्थ एकाच बाजूला जास्त भार देत असणार, तेही थोडीथोडकी वर्षे नव्हे. आता धार सरळ हवी तर दुसरी बाजूही तेवढीच घासून पाठ सारखी करायला हवी. म्हणजे त्या माणसाचा हातच पुसायचा. मी म्हणालो, “धार हा हक्क आहे.” मित्र म्हणाला, “हक्क कुणाचा? वस्तऱ्याचा, की नातवाचा, की ज्यानं घासला त्याचा?” माझ्या सिद्धान्तात एवढी माणसे धरलेली नव्हती.

शेवटी त्याने बाईंनाच बोलावून भिंगातून ती झीज दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अण्णांच्या डाव्या जबड्यापाशी नेहमी चार केस राहायचे हो. आई रोज ओरडायची.” ते केस वस्तऱ्यामुळे राहत की हातामुळे, हे आता कोण सांगणार? “पाठ राहू दे तशीच,” त्या म्हणाल्या.

मग मित्राने झिजलेल्या पाठीला सांभाळत, तिच्याच कलाने, हाताखालचा भार बदलत बदलत धार लावली. साध्या वस्तऱ्याला दोन दिवस लागतात, इथे नऊ लागले. जुनी मूठ बाईंनी मागून घेतली, त्यामुळे डब्यात एक हॉब्ज कमी झाला. वस्तरा न्यायला आल्यावर त्यांनी पर्स उघडून किती द्यायचे विचारले, तेव्हा मित्र माझ्याकडे बघायला लागला. नव्या मुठीचे पैसे त्याला सांगता येत होते. पण नऊ दिवस खपून जे त्याने केले नाही, त्याचे काय लावायचे?