साक्ष

तेहतीस वर्षे मी धारवाडात शाळेत गणित शिकवले. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराच्या मागे जाऊन गुपचूप उभे राहण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. आणि निवृत्त झाल्यावर मी स्वतःच माझ्या नातवाला कॉपी करायला शिकवली, ती हकिगत सांगायला आज बसलो आहे.

नातू तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. हुबळीच्या एका खाजगी दवाखान्यात त्याची ऑटिझमची तपासणी ठरली होती. (मराठीत ह्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द मला फारसा पटत नाही. स्वतःत मग्न असायला आमच्या घरात मी एकटा पुरेसा आहे.) आधीचे आठ दिवस मी त्याला रोज संध्याकाळी पुढ्यात घेऊन बसत असे. नाव घेतले की वर बघायचे, चेंडू टाकला की परत टाकायचा, निघताना हात हलवायचा. जमले की पेढ्याचा तुकडा. सहाव्या दिवशी नाव घेताच त्याने मान वर केली. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पेढ्याकडे पाहत होता, हे मला कळत होते. तरी मी खूश झालो.

सून दारात उभी होती. म्हणाली, "मामा, त्याला पास करायला नेत नाही आहोत आपण."

मुळात हुबळीला तरी कशाला जायचे? मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था, डिमहान्स, आमच्याच गावात आहे. पण ती एकोणिसाव्या शतकातल्या वेड्यांच्या इस्पितळातून वाढलेली. लहानपणी दंगा केला की आम्हाला त्या फाटकाचा धाक घालत. त्या फाटकातून नातवाला आत नेताना कुणी पाहिले तर? हे मी मोठ्याने बोललो नाही. "खाजगीत निवांत बघतात," एवढेच म्हणालो. लबाडीची सुरुवात तिथून झाली.

ज्या घरांवर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगतो. रक्त तपासून किंवा डोक्याचा फोटो काढून स्वमग्नता सापडत नाही. ऐकू नीट येते ना, एवढे आधी पाहून घेतात, कारण हाकेला ओ न देण्याचे कारण कानातही असू शकते. बाकी सगळा मामला पाहण्याचा आणि विचारण्याचा. आमची पहिली बैठक दीड तास चालली आणि त्यात बहुतेक वेळ पोराला कुणी हातही लावला नाही. बाळंतपण कसे झाले, पहिला शब्द कधी आला, हवी ती वस्तू बोट दाखवून मागतो का, आवाजाने कान झाकतो का. दुसऱ्या बैठकीत बाई फरशीवर बसून त्याच्याशी खेळल्या, मधूनच खेळ थांबवून तो काय करतो ते बघत राहिल्या.

त्यांनी आल्या आल्या विचारले, "मनेयल्लि याव भाषे?" घरी मराठी, असे कळल्यावर त्यांनी सुनेकडून 'ये', 'दे', 'पाणी', 'अजून' हे शब्द लिहून घेतले. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात, म्हणाल्या. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांनी आधीच निकाल देऊन ठेवला होता की दोन भाषांनी पोर गोंधळले, घरात मराठी बंद करा. बाईंनी ते साफ नाकारले. दोन भाषांमुळे स्वमग्नता होत नाही, आणि दोन भाषांत वाढल्याने अशा मुलांचे बोलणे आणखी मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. आईने ज्या भाषेत अंगाई म्हटली ती तिच्यापासून तोडायची नाही. सीमाभागातल्या घरांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे.

मग मी फुशारकी मारली. म्हटले, रेल्वे स्टेशनवरची घोषणा तो कन्नडात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो, गाडीच्या नंबरासकट! बाईंनी हसून ते टिपून घेतले. पुढे कळले, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणत राहणे हेसुद्धा ह्या अवस्थेचे एक लक्षण असू शकते. जे लपवायचे म्हणून आठ दिवस खपलो ते राहिले बाजूला, आणि जे मिरवले त्याचीच नोंद झाली.

आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी 'इसा' नावाची मोजपट्टी वापरतात. चाळीस बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण ७०च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही, १०६पर्यंत सौम्य, १५३पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. जन्मभर पोरांचे गुण वाढवण्यात गेलेल्या मास्तराला इथे ते कमी व्हावेत असे वाटत होते. "नाव घेतल्यावर बघतो का?" हा प्रश्न आला तेव्हा मी घाईने म्हणालो, "बघतो." सून खाली मान घालून म्हणाली, "पेढा दाखवला तर."

तिचे मला आजही नवल वाटते. लिओ कॅनरने १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून ह्या अवस्थेला नाव दिले. पुढची वीस-पंचवीस वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांनी आईच्या थंडपणावर ठपका ठेवला. ते मत कधीच मोडीत निघाले, पण आमच्या गल्लीपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. म्हणजे खरे बोलण्याची सर्वांत जास्त किंमत तिलाच मोजावी लागणार होती, आणि बोलली तीच.

माझे चुकले का? माझी भीती खोटी नव्हती, हे मी अजूनही म्हणेन. अहवाल वाचून एका शाळेने "आमच्याकडे सोय नाही" म्हणून आम्हाला परत पाठवले. ज्याच्याबद्दल आपण साक्ष देतो आहोत त्याला विचारलेलेही नाही, आणि तो कागद जन्मभर त्याच्याच मागे चालणार. मग प्रेमाने थोडे खोटे बोलले तर पाप कसले? ह्या प्रश्नाशी मी पुष्कळ झगडलो. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे माझा एक विद्यार्थी येतो. सातवीत त्याला मी दयेपोटी सहा गुण वाढवून वर ढकलला होता. आठवीत तो वर्षभर मागच्या बाकावर मुका बसून होता. त्याला काय येत नाही हे कुणालाच माहीत नव्हते, कारण कागदावर त्याला सगळे येत होते.

खाजगी अहवालाने निदान कळते, बोलण्याचे नि हातांचे उपचार सुरू करता येतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण त्याचे प्रमाणपत्र सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडूनच मिळते. तेव्हा ज्या सरकारी फाटकाला टाळून हुबळी गाठली, तसल्याच फाटकातून शेवटी जावे लागले.

रांगेत एक जुना विद्यार्थी भेटला. "सर, इल्लि याके?" त्याने विचारले. एका मित्राला बघायला आलोय, असे सांगायचे मी बसमध्येच ठरवून ठेवले होते. "नातवाची तपासणी आहे," मी म्हणालो. तो काही बोलायच्या आत नातवाने माझे बोट सोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केले, "प्रयाणिकर गमनक्के…" सगळी रांग वळून बघू लागली.